गॅरेजपर्यंत बरी होणारी गाडी

मोटारीच्या तक्रारींमध्ये एक तक्रार अशी आहे, जी मालकाला जन्मात सिद्ध करता येत नाही. रात्रभर किंवा ऑफिसच्या आवारात आठ-नऊ तास उभी राहिलेली गाडी निघताना थरथरते. स्टेअरिंग धरलेल्या हातांना मुंग्या येतात, डॅशबोर्डवरचा गणपती कारण नसताना मान डोलावू लागतो, मागे बसलेल्या सासूबाई ‘काहीतरी होतंय हं’ असं एकदाच, पण पुरेशा मोठ्याने म्हणतात. मालक तडक गॅरेज गाठतो. मेकॅनिक किल्ली घेतो, चौकापर्यंत ट्रायल मारून येतो आणि किल्ली परत देत म्हणतो, ‘एकदम मख्खन आहे साहेब गाडी.’ मालक शपथेवर सांगतो की सकाळी थरथरत होती. शाळेची वेळ टळली की थांबणाऱ्या पोटदुखीकडे आई ज्या नजरेने बघते, त्या नजरेने मेकॅनिक मालकाकडे बघतो. खरी पंचाईत ही की दोघेही खरंच बोलत असतात. गाडी घरून निघताना थरथरत होती आणि गॅरेजच्या दारात थरथरत नव्हती, कारण मधला जो आठ-दहा किलोमीटरचा रस्ता झाला तोच तिचा उपचार होता. म्हणजे निदानासाठी म्हणून जो प्रवास केला, त्यानेच सगळा पुरावा पुसून टाकला. म्हणून माझं म्हणणं असं, की या दुखण्याचं निदान गॅरेजमध्ये होणारच नाही. ते पार्किंगमध्ये, किल्ली फिरवायच्या आधीपासून सुरू व्हायला हवं, आणि ते करण्याची जबाबदारी गाडीतलं सगळ्यात कमी कळणाऱ्या माणसावर, म्हणजे मालकावरच येऊन पडते.

आपल्याकडे गाडी थरथरली की सल्ल्यांना तोटा नसतो. तळमजल्यावरचे निवृत्त काका ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या’ म्हणतात. मेहुणा बोनेट न उघडताच ‘माउंटिंग गेलंय’ असं जाहीर करतो. पंपावरचा पोऱ्या महागातलं पेट्रोल सुचवतो, ऑफिसातला एकजण सगळा दोष इथेनॉलवर ढकलतो, आणि घरातलं सगळ्यात ज्येष्ठ माणूस बंपरला लिंबू-मिरची बांधायला सांगतं. गंमत म्हणजे हे सगळे सल्ले अनुभवसिद्ध असतात. जी तक्रार रोज सकाळी येते आणि रोज अर्ध्या तासात आपोआप जाते, तिच्यावर केलेला कुठलाही उपाय अर्ध्या तासात लागू पडतो. बॅलन्सिंग करून गाडी बाहेर काढली, थरथर नाही. लिंबू बांधून बाहेर काढली, तरीही नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली की माणूस उपायावर शंका घेत नाही; बॅलन्सिंगवाला कच्चा होता किंवा लिंबू शिळं होतं असं म्हणतो. खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर या सगळ्यांत लिंबू-मिरचीच किफायतशीर ठरते, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. पण या सल्ल्यांची खरी खोट वेगळीच आहे. प्रत्येकजण एकेका पार्टचं नाव घेतो. तक्रारीत मात्र पार्टचं नाव नसतंच. तिच्यात वेळ असते. गाडी ‘उभी राहिल्यावर’ थरथरते. मग किती तास उभी राहिल्यावर, निघाल्यापासून किती वेळ, आणि थंडीत जास्त की पावसाळ्यात, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. त्यांची उत्तरं फुकट मिळतात, बहुधा म्हणूनच.

यावर जुने लोक म्हणतील, आमच्या वेळी असली नाटकं नव्हती. नव्हतीच, कारण त्या वेळी थरथर हा गाडीचा स्वभाव समजला जाई. प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन सुरू झालं की दारं, काचा, मागचा ट्रे आणि बसलेली माणसं सगळीच एका तालात येत. त्या तालातून एक बिघडलेला सूर वेगळा काढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, आणि थरथर म्हणजे काय हे मोजायचं एक मापही गेलं. आता गाड्या इतक्या शांत झाल्यात की आयडलिंगला इंजिन चालू आहे की बंद हे काट्याकडे बघून ठरवावं लागतं, त्यामुळे जराशी थरथरही ऐकू येते. तरीही एक सावधगिरी हवी. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 पासून आजच्या कितीतरी लहान गाड्यांपर्यंत तीन सिलिंडरची इंजिनं सर्रास आहेत, आणि तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच थोडं डुलतं. त्याची तुलना शेजारच्या चार सिलिंडरवाल्या गाडीशी केली की मनात भलतं दुखणं सुरू होतं. सकाळच्या गाडीची तुलना त्याच गाडीच्या दुपारशी करायची. फरक असेल तरच तक्रार खरी.

पहिला फाटा अगदी साधा आहे. गाडी जागेवर उभी असताना थरथरते की चाकं फिरायला लागल्यावर? इतका बाळबोध प्रश्न विचारायची पाळी येते, कारण सीटवरच्या बुडाला हा फरक नुसत्या थरथरीवरून कळत नाही. हिशेब करून बघा. मध्यम आकाराच्या मोटारीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जरासा आत असतो. ताशी 40 किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला सहाएक वेळा फिरतं. चाकाच्या घेरात एका जागी काही खोट असेल तर सेकंदाला तेवढे धक्के बसणार. आता इंजिनकडे या. ते मिनिटाला 800 फेऱ्यांनी आयडलिंग करतंय आणि त्यातला एक सिलिंडर झोपलाय. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते, म्हणजे मिनिटाला 400 वेळा एक धक्का चुकणार. सेकंदाला साडेसहाहून थोडं जास्त. टायरची खोट आणि सिलिंडरची झोप शरीराला जवळजवळ एकाच लयीत भेटतात. त्यामुळे ‘मला बसल्या-बसल्या कळतं’ म्हणणाऱ्याला काहीच कळत नसतं. कळायचा मार्ग दुसरा आहे. हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आयडलिंगला बघायचं. तिथेच थरथरत असेल तर चाकांचा संबंध संपला, ती तर फिरतच नाहीत. तिथे शांत असेल तर हळू निघायचं. ताशी 20 ला चाक सेकंदाला तीनदा फिरतं, आणि तेवढे धक्के माणूस तोंडाने मोजू शकतो. पुढे मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून तिसऱ्याचा चौथा गिअर टाकायचा. इंजिनच्या फेऱ्या कमी होतात, चाकाच्या तेवढ्याच राहतात. धक्क्यांची लय बदलली नाही तर दोष चाकाकडे. एवढ्यावर निम्म्या सल्लागारांना घरी पाठवता येतं.

धावताना थरथरणारी, आणि काही किलोमीटर गेल्यावर आपोआप सुधारणारी गाडी असेल, तर बहुतेक वेळा आरोपी एकच: टायरला पडलेली चपटी जागा. आणि त्या जागेमागे नायलॉन आहे. 1935 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने ते बनवलं, 1940 मध्ये बायकांच्या पायमोज्यांतून ते गाजलं, आणि दुसऱ्या महायुद्धात पायमोजे सोडून पॅराशूट आणि विमानांच्या टायरमध्ये गेलं. मजबूत, चिवट, आणि तापलं की आकसणारं. या आकसण्याचाच टायरवाल्यांना उपयोग. आजच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांच्या पट्ट्यांवर नायलॉनचा एक थर गुंडाळतात, म्हणजे भरधाव वेगात टायर बाहेर फुगू पाहतो तेव्हा तो थर त्याला आवळून धरतो. वेग जितका जास्त तितकी या थराची गरज मोठी. टायरच्या कडेला आकाराच्या आकड्यांपाठोपाठ एक इंग्रजी अक्षर असतं. टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240. ज्या गाडीला कर्वे रोडवर संध्याकाळी ताशी 21 चा वेग मिळत नाही, तिच्या टायरला 210 ची परवानगी असते. जो वेग आपण आयुष्यात गाठणार नाही, त्याच्या बंदोबस्ताची किंमत आपण रोज सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये धक्क्यांच्या रूपाने भरतो.

धक्के येतात ते असे. नायलॉनच्या धाग्याला साधारण 50 अंश सेल्सिअसच्या आसपास एक उंबरठा असतो. त्याच्या वर धागा नरम, ऐकणारा. खाली कडक, हट्टी. महामार्गावर धावून आलेला टायर हा उंबरठा सहज ओलांडतो. मग गाडी येऊन पार्किंगमध्ये उभी राहते. गाडीचं सगळं वजन चार चाकांच्या तळाशी, प्रत्येकी हाताच्या पंजाएवढ्या जागेवर. ती जागा दबून सपाट झालेली, आणि धागा तसाच दबलेल्या अवस्थेत हळूहळू थंड होत कडक बनतो. सकाळी चाक फिरलं की गोल टायरला एक सपाट तुकडा असतो, आणि तो दर फेरीला रस्त्यावर आपटतो. पुढे टायर पुन्हा तापला की धागा नरम होतो आणि टायर गोल. सारा खेळ पाच-दहा मिनिटांत ओसरतो, पंधरा-वीस किलोमीटरमध्ये संपतो. म्हणजे धावून तापल्यामुळे दुखणं जडतं आणि धावून तापल्यामुळेच जातं. हे एकदा समजलं की पुष्कळ विचित्र तपशील जागेवर बसतात. मुंबई-आग्रा महामार्गाने तापून आलेली गाडी जानेवारीत निफाडच्या गारठ्यात रात्रभर ठेवली की सकाळी जास्त का उडते, आणि तीच गाडी मे महिन्यात नागपूरला निमूट का निघते. डिकीत लग्नाचं सामान तसंच भरून ठेवलं की चपटी जागा मोठी का होते. गॅरेज घरापासून दोन किलोमीटरवर असणाऱ्याला थरथर दाखवता येते आणि पंधरा किलोमीटरवर असणाऱ्याला येत नाही, याचंही कारण हेच. 2020 च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहिल्या, तेव्हा काही टायरांची चपटी जागा कायमची झाली. ती मात्र कितीही चालवून जात नाही. एका रात्रीची चपटी जागा आणि एका मोसमाची चपटी जागा यांत हा फरक आहे.

आता उपायांकडे बघा. बॅलन्सिंगचं यंत्र चाक अधांतरी फिरवतं आणि त्याचं वजन कुठे जास्त, कुठे कमी ते सांगतं. चपट्या जागेत वजन कमी झालेलं नसतं, आकार बदललेला असतो. शिवाय यंत्रावर चढेपर्यंत चाक गॅरेजपर्यंतच्या रस्त्याने गोलही झालेलं असतं. तरी यंत्र पाच ग्रॅम, दहा ग्रॅम काहीतरी दाखवतंच, रिमला शिसाचा तुकडा ठोकला जातो आणि गिऱ्हाईक सुखावतं. दुसरा उपाय नायट्रोजन. आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तो कोणी वेगळे पैसे घेऊन भरत नाही एवढंच. तिसरा उपाय सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी दिसतो. गाडी जागेवर सुरू करून दहा मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे ‘सगळं मोकळं होतं’. बॅटरीला त्याचा किती उपयोग होतो हा वेगळा वाद. टायरच्या दृष्टीने मात्र त्या दहा मिनिटांत काहीही घडत नाही; तो आहे तिथेच, आहे तितकाच दबून, वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या घरात धूर जाताना बघत बसतो. खरा उपाय हवेच्या दाबात आहे, आणि नेमका तोच आपण उलटा करतो. गाडी तापून पंपावर जाते, गरम टायरमध्ये 33 ऐवजी 36-37 चा काटा दिसतो, पोऱ्या प्रामाणिकपणे जास्तीची हवा सोडून देतो, आणि तो टायर सकाळी थंड झाल्यावर 29-30 वर येऊन बसतो. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार, चपटी जागा रुंदावणार. दाब थंड टायरवर बघायचा, ही सूचना गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. दार रोज उघडतं, सूचना कोणी वाचत नाही.

उभ्या गाडीतच थरथर असेल तर मामला बोनेटखाली गेला, आणि इथे जरा गंभीर व्हायला हवं. इंजिन बंद केलं म्हणजे आत सगळं थांबलं, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. इंजेक्टरच्या मागच्या नळीत पेट्रोल दाबाखाली राहिलेलं असतं. एखादा इंजेक्टर नीट मिटत नसेल तर रात्रभर थेंब-थेंब गळतं, सकाळी त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होतं, आणि सुरुवातीचे काही सेकंद इंजिन मिसिंग करत काळा धूर आणि पेट्रोलचा वास सोडतं. कूलंटची गोष्ट यापेक्षा वाईट. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं. हेड गॅस्केटला बारीक चीर असेल तर गाडी उभी राहिल्यावर तोच दाब कूलंटला त्या चिरेतून सिलिंडरमध्ये ढकलत राहतो. सकाळी तो सिलिंडर अर्धा मिनिट खोकतो, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, मग सगळं सुरळीत. डिझेल गाडीत चार ग्लो प्लगपैकी एक मेला असेल तर थंडीत तो सिलिंडर गरम होईपर्यंत पेटतच नाही. आणि इंजिनखालची रबरी माउंटिंग जुनी झाली असतील, तर गारठ्यात ती आणखी कडक होतात. सुरुवातीला फेऱ्या हजार-बाराशेच्या वर असतात तोवर काही जाणवत नाही. त्या 800 वर उतरल्या की डॅशबोर्ड कुरकुरायला लागतो, आणि ॲक्सिलरेटर जरासा दाबला की पुन्हा गप्प. म्हणजे मेहुण्याचं म्हणणं कधीकधी खरं निघतं, आणि हीच त्याच्या सल्ल्यातली सगळ्यात त्रासदायक बाब आहे. या सगळ्यांत थरथर एकच असली तरी तिचा कालावधी निरनिराळा आहे. काही सेकंद, अर्धा मिनिट, काही मिनिटं, किंवा इंजिन पूर्ण तापेपर्यंत. मोबाइलमधलं घड्याळ इथे पाना-पकडीपेक्षा जास्त काम करतं.

पण आत बसलेल्या माणसाला धूर दिसत नाही. म्हणून या निदानाला दुसरा माणूस लागतो, आणि आपल्याकडे तो आधीपासून नेमलेला आहे: सोसायटीचा वॉचमन. रोज सकाळी कोणाच्या गाडीतून कसला धूर निघतो, कोण किती वेळ सेल्फ मारतो, कोणाची गाडी निघताना खुरडते, हे त्याला तोंडपाठ असतं; कोणी विचारत नाही एवढंच. यावर आक्षेप येईल की जानेवारीत पुण्यात सगळ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमधून पांढरं काहीतरी निघतं. बरोबर आहे, ती वाफ असते, आणि तिने घाबरून हेड खोलायला देणारे लोकही असतात. म्हणून वॉचमनच्या साक्षीला जोड हवी. गाडी थंड असताना कूलंटच्या डबीवरची खूण बघायची. पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर धूर खरा, जागच्या जागी असेल तर वाफ. दुसरा पुरावा फरशीवर असतो. एसीचं पाणी नितळ, ऑइलचा डाग काळा, कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी. दुर्दैवाने पार्किंग धुवायचं काम सकाळी सातच्या आत उरकायचं असा सोसायटीचा ठराव असतो, आणि उरलेल्या डागांवर सेक्रेटरींची नोटीस निघते. जिच्यातून गळती शोधता आली असती ती फरशी चकचकीत, आणि जी गळत होती ती गाडी तशीच.

पावसाळ्याचे काही किरकोळ आरोपी आहेत, त्यांना लवकर सोडून देता येतं. रात्रभर ओल्यात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर आणि थरथर होते, मग पॅड तो खरवडून टाकतात. कोकणातून परतलेल्या गाडीच्या रिममध्ये लाल चिखल बसलेला असतो. उभ्या गाडीत तो खाली ओघळून एका बाजूला वाळतो, आणि चाकाचं बॅलन्सिंग खरोखरच बिघडतं. ही थरथर मात्र तापून जात नाही, पाण्याच्या फवाऱ्याने जाते. आणि उंदीर. उभ्या गाडीच्या उबेला आलेला उंदीर इग्निशन कॉइलची वायर कुरतडून गेला की सकाळी एक सिलिंडर बंद. बोनेटमध्ये तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवायचा रिवाज आहे. त्याने उंदीर जातो की नाही यावर मतभेद आहेत, पण एसी लावल्यावर बसणारे नक्की जातात.

एवढी उठाठेव कशाला, स्कॅनर लावा, असं नव्या पिढीचं म्हणणं. 1 एप्रिल 2020 पासून विकली गेलेली प्रत्येक नवी गाडी बीएस 6 आहे, तिच्या पोटात संगणक आहे, तो सगळं लिहून ठेवतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खरा आहे. क्रँकशाफ्टच्या गतीतला बारीक चढउतार टिपून संगणक कुठला सिलिंडर चुकला ते ओळखतो. पी 0301 म्हणजे पहिला, पी 0302 म्हणजे दुसरा. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत ठणठणीत झाली तरी ती नोंद राहू शकते, म्हणजे माझ्या पुरावा-नाशाच्या सिद्धांताला इथे छेद जातो, हे मान्य. पण संगणक फक्त स्वतःच्या सेन्सरांपुरतंच बोलतो. टायर गोल आहे की नाही हे सांगणारा सेन्सर नेहमीच्या गाडीत नाही. टायरचा सेन्सर असला तर हवेच्या दाबाचा असतो. माउंटिंगच्या रबराला कोणी विचारत नाही. डिस्कच्या गंजाचा कोड नाही. दोन-चार सेकंदांची अडखळ असेल तर संगणक ती सोडूनही देतो. त्यामुळे स्कॅनर ‘नो फॉल्ट’ म्हणाला तर त्याचा अर्थ गाडी निर्दोष असा होत नाही. त्याच्या हद्दीत काही घडलं नाही एवढाच होतो. हद्दीचा हा युक्तिवाद आपल्याकडे पोलीस चौकीत गेलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज पडू नये.

दुसरा आक्षेप जास्त सोयीचा आहे. आपोआप जातं ना, मग जाऊ द्या. टायरच्या बाबतीत हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. एका रात्रीच्या चपट्या जागेने काही बिघडत नाही. पहिले काही किलोमीटर सबुरीने चालवायची, बस्स. पण कूलंटच्या बाबतीत हाच सल्ला आत्मघातकी आहे. आज अर्धा मिनिट खोकणारा सिलिंडर उद्या दोन मिनिटं खोकेल, कूलंट संपत जाईल, आणि खंबाटकीच्या चढावर इंजिन तापून हेड वाकलं की गॅस्केटच्या खर्चाला इंजिनचा खर्च जोडला जाईल. बाहेरून दोन्हींची तक्रार एकच: सकाळी थरथरते, नंतर बरी होते. एकीचा खर्च शून्य, दुसरीचा भरमसाट. आपला गोंधळ नेमका उलटा असतो. टायरवाला माणूस घाबरून दोन महिन्यांत तीनदा बॅलन्सिंग करतो, आणि गॅस्केटवाला ‘थंडीने होतं’ म्हणत महाबळेश्वरची सहल ठरवतो.

आता मेकॅनिकची बाजू. त्याला हे सगळं माहीत असतं. मालकापेक्षा कितीतरी जास्त. कूलंटची गळती शोधायची त्याची रीत तर खास आहे. संध्याकाळी सिस्टीमला पंपाने दाब देऊन गाडी तशीच ठेवायची, सकाळी प्लग काढून सेल्फ मारायचा. ज्या सिलिंडरमधून पिचकारी उडेल तो गुन्हेगार. पण त्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये हवी, आणि गॅरेज म्हणजे बहुतेक ठिकाणी एक पत्र्याची शेड, समोरचा फुटपाथ आणि फुटपाथवर गाड्या लावल्याबद्दल महापालिकेशी चाललेलं शीतयुद्ध. ‘रात्री ठेवू कुठे शेठ, रस्त्यावर?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. मालकालाही गाडी सोडून रिक्षाने जायचं जिवावर येतं. शिवाय हिशेबाची एक अडचण आहे. सकाळी साडेसहाला उठून मालकाच्या पार्किंगमध्ये आलेला मेकॅनिक, गाडी वीस मिनिटं चालवून म्हणाला की ‘टायर बसतात रात्री, काही करू नका’, तर या कामाचे पैसे कोणी देत नाही. ‘केलंच काय?’ असं विचारतात. त्याच माणसाने चार चाकं काढून घातली, शिसाचे तुकडे ठोकले आणि नायट्रोजन भरला तर बिलावर घासाघीस होते, पण बिल भरलं जातं. कार्यशाळांच्या जॉबकार्डावर ‘काही करू नये’ अशी ओळ छापून तिच्यापुढे तीनशे रुपये लिहायची सोय होईपर्यंत बॅलन्सिंगचा धंदा तेजीत राहणार, आणि त्यात बॅलन्सिंगवाल्याचा दोष नाही.

विजेच्या गाड्या आल्या की हा सगळा घोळ मिटेल, असं काहींना वाटतं. अर्धा मिटतो. इंजेक्टर नाही, गॅस्केट नाही, ग्लो प्लग नाही, आयडलिंगच नाही. वॉचमनला धूर बघायचं काम उरत नाही. पण बॅटरीमुळे गाडीचं वजन वाढतं, टायर त्या प्रमाणात जास्त दबतात, आणि सकाळचे ते सेकंदाला तीन धक्के झाकायला इंजिनचा आवाजही नसतो. म्हणजे संशयित कमी झाले, टायर अधिक उठून दिसू लागला, आणि निदान कधी नव्हे इतकं सोपं झालं. तरीही विजेची गाडी सकाळी थरथरली की तळमजल्यावरचे काका गॅलरीतून बाहेर वाकून सांगतात, ‘बॅटरी बघून घ्या एकदा.’